खड्डा, वीट, करवत आणि धान्याची रास : ‘लीलावती’तले कामाच्या जागेचे गणित

१/
एक वेडावाकडा खणलेला खड्डा आहे. त्याची लांबी तीन ठिकाणी मोजली तर १०, ११ आणि १२ हात भरते. रुंदी ६, ५ आणि ७ हात. खोली २, ४ आणि ३ हात. तर खणून निघालेली माती किती? प्रश्न एखाद्या बांधकामावरील मोजमाप पुस्तिकेतला वाटेल. प्रत्यक्षात तो इ.स. ११५० मधला आहे आणि विचारणाऱ्याचे नाव भास्कराचार्य. (थ्रेड)

२/
‘लीलावती’ म्हटले की कमळांवरचे भुंगे, वाऱ्याने मोडलेला बांबू, सापावर झेपावणारा मोर आठवतो. पाठोपाठ आठवते ती घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त हुकलेल्या कन्येची कथा. ही कथा मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती प्रसिद्ध झाली.

३/
या रम्य उदाहरणांच्या पलीकडे ग्रंथाच्या उत्तरार्धात एक वेगळीच ‘लीलावती’ आहे. तिथे भुंगे नाहीत. खड्डे खणणारे आहेत, विटा रचणारे आहेत, लाकूड चिरणारे आहेत आणि धान्याच्या राशी मोजणारे आहेत. शाळेच्या पुस्तकात हा भाग क्वचितच येतो. पण गणित आणि श्रम यांचा संबंध कसा होता, हे याच भागात सर्वांत स्पष्ट दिसते.

४/
ही प्रकरणे भास्कराचार्यांची नवी कल्पना नव्हे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने गणितज्ञाला आठ ‘व्यवहार’ यायला हवेत असे सांगितले. त्यांत क्षेत्र म्हणजे आकृत्यांचे गणित, खात म्हणजे खोदकाम, चिति म्हणजे विटा-दगडांची रचाई, क्रकच म्हणजे करवत आणि राशि म्हणजे धान्याचा ढीग यांचा समावेश होता. शास्त्राच्या ग्रंथात करवतीच्या कामाला स्वतंत्र प्रकरण मिळावे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

५/
मोजायचे तर आधी माप हवे. ‘लीलावती’च्या आरंभीच मापांची कोष्टके येतात. ८ जवांच्या पोटांची जाडी म्हणजे १ अंगुळ, २४ अंगुळांचा १ हात, ४ हातांचा १ दंड. लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी एक हात असेल तर तो ‘घनहस्त’. तेवढ्याच आकारमानाच्या धान्यमापाला मगध देशात ‘खारी’ म्हणत. म्हणजे माती आणि धान्य एकाच घनमापाने जोडलेली होती.

६/
जमिनीसाठी ‘निवर्तन’. १० हातांचा एक वंश, म्हणजे बांबू. आणि २० वंश लांब, २० वंश रुंद असा चौरस म्हणजे एक निवर्तन. हे माप महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून परिचित होते. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखात भिक्षूंना दिलेल्या शेताचे क्षेत्र २०० निवर्तने असेच नोंदवले आहे. निवर्तनाचा प्रत्यक्ष आकार मात्र देशकालाप्रमाणे बदलत असे.

७/
कारण उघड आहे : हात कोणाचा? मोजणाऱ्याच्या हाताची लांबी बदलली की शेत लहानमोठे होते आणि शेताबरोबर साराही बदलतो. शिवकाळातील जमीनमोजणीचे वर्णन करताना सभासदाने म्हणूनच बारकाईने सांगितले आहे की हात १४ तसूंचा, पाच हात आणि पाच मुठी मिळून काठी ८२ तसूंची, २० काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर.

८/
२० वंशांचा चौरस आणि २० काठ्यांचा चौरस. माप बदलले, पण मापाची घडण तीच राहिली. पुढे इंग्रजी अमदानीत काठीच्या जागी ३३ फुटांची साखळी आली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा आजचा गुंठा. आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावरचा गुंठाही मूळचा एका चौरसाचाच आहे.

९/
आता पहिल्या खड्ड्याकडे परतू. भास्कराचार्य सांगतात : जिथे बाजू सरळ नाहीत, तिथे अनेक ठिकाणी मापे घ्यावीत, त्यांची बेरीज करून ठिकाणांच्या संख्येने भागावे. लांबीची सरासरी ११, रुंदीची ६, खोलीची ३. तिन्हींचा गुणाकार १९८ घनहस्त. आज ज्याला आपण सरासरी म्हणतो, ती इथे कागदावरची क्लृप्ती म्हणून येत नाही. वेडीवाकडी जमीन हिशेबात बसवण्याचे ते साधन आहे.

१०/
ही पद्धत अचूक नाही, पण तिची अचूकता वाढवता येते. ‘लीलावती’वर १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिणारे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ म्हणतात की जितक्या अधिक ठिकाणी मोजाल, तितकी सरासरी सत्याच्या जवळ जाईल. मोजणाऱ्याने सोयीची दोन ठिकाणे निवडून काम उरकू नये, हा व्यवहारातला धडा त्यात आपोआप येतो.

११/
खरी कसोटी उतरत्या बाजूंच्या खोदकामात लागते. बारव किंवा तळे खणताना कडा ढासळू नयेत म्हणून वर रुंद आणि तळाशी अरुंद असे खणतात. भास्कराचार्यांचे उदाहरण एका वापीचे आहे. तिचे तोंड १२ हात लांब व १० हात रुंद, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ हात लांब व ५ हात रुंद, आणि खोली ७ हात. घनफळ किती?

१२/
सहज सुचणारे दोन मार्ग आहेत. पहिला : तोंड आणि तळ यांच्या लांबी-रुंदीची सरासरी घ्यावी. ९ गुणिले साडेसात, गुणिले ७, उत्तर ४७२.५. दुसरा : तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, त्यांची सरासरी ७५, गुणिले ७, उत्तर ५२५. दोन्ही रीती वरवर रास्त दिसतात, पण दोन उत्तरांत साडेबावन्न घनहस्तांचे अंतर पडते.

१३/
हे अंतर आजच्या भाषेत पाहू. हात दीड फुटाचा धरला तर एक घनहस्त म्हणजे ३.३७५ घनफूट, आणि साडेबावन्न घनहस्त म्हणजे सुमारे १७७ घनफूट. वाळू, मुरूम, खडी मोजण्याचा महाराष्ट्रातला ‘ब्रास’ १०० घनफुटांचा असतो. म्हणजे एका मध्यम आकाराच्या वापीत पावणेदोन ब्रास मातीचा वाद. मजुरी घनफळावर ठरत असेल, तर खणवून घेणारा पहिली रीत सांगेल आणि खणणारा दुसरी.

१४/
ब्रह्मगुप्ताला या दोन्ही रीती ठाऊक होत्या. पहिलीला तो ‘व्यावहारिक’ म्हणतो, दुसरीला ‘औत्र’. खरे उत्तर दोहोंच्या मध्ये आहे, पण बरोबर मध्यावर नाही, हे त्याने ओळखले. दोन्हींतील फरकाचा एक तृतीयांश व्यावहारिक उत्तरात मिळवावा, म्हणजे ‘सूक्ष्म’ फळ मिळते. ५२.५ भागिले ३ म्हणजे १७.५, आणि ४७२.५ अधिक १७.५ म्हणजे ४९०.

१५/
भास्कराचार्य त्याच उत्तराला थेट पोचतात. तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, तोंड व तळ यांच्या लांब्यांची बेरीज १८ आणि रुंद्यांची बेरीज १५, त्यांचा गुणाकार २७०. तिन्हींची बेरीज ४२०, भागिले ६ म्हणजे ७०, गुणिले खोली ७. उत्तर ४९० घनहस्त. हे सूत्र अंदाजी नाही. अशा आकारासाठी आजचे भूमितीशास्त्रही हेच उत्तर देते.

१६/
पुढे येतो चितिव्यवहार. वीट १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद, ३ अंगुळे जाड. रचाई ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. विटा किती आणि थर किती? हातांत मोजले तर विटेचे घनफळ एका घनहस्ताचे ३/६४ भरते, रचाईचे १२०. भागाकार केला की २५६० विटा. उंचीला विटेच्या जाडीने भागले की २४ थर. गवंड्याला लागणाऱ्या दोन्ही संख्या एकाच उदाहरणात मिळतात.

१७/
क्रकचव्यवहार सर्वांत मार्मिक आहे. बुंध्याशी २० अंगुळे, शेंड्याशी १६ अंगुळे आणि १०० अंगुळे लांब असे लाकूड उभे चार ठिकाणी चिरायचे आहे. सरासरी १८, गुणिले १०० म्हणजे १८००. चार चिरांसाठी ७२००. एका चौरस हातात २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ चौरस अंगुळे. ७२०० भागिले ५७६. उत्तर साडेबारा चौरस हात.

१८/
इथे घनफळ काढलेलेच नाही. कारण करवत ओढणाऱ्याचे कष्ट लाकडाच्या वजनावर वा आकारमानावर ठरत नाहीत. करवत किती पृष्ठभाग कापत गेली, यावर ते ठरतात. एकच ओंडका दोनदा चिरला आणि चारदा चिरला, तर लाकूड तेवढेच राहते पण काम दुप्पट होते. खणणाऱ्यासाठी घनफळ, चिरणाऱ्यासाठी क्षेत्रफळ : माप निवडताना आधी श्रम कुठे पडतात ते पाहिलेले आहे.

१९/
आणि मग या प्रकरणाच्या शेवटी भास्कराचार्य एक असा नियम सांगतात ज्यात एकही आकडा नाही. विटांची रचाई, दगडांची रचाई, खोदकाम आणि करवतकाम यांचे मूल्य काम करणाऱ्या लोकांच्या संमतीने ठरते, आणि ते माल मऊ आहे की कठीण यावर अवलंबून असते, असा त्याचा आशय. सागाची चीर आणि सावरीची चीर क्षेत्रफळाने सारखी असली तरी कष्टाने सारखी नाही.

२०/
या श्लोकावरून बाराव्या शतकात मजुरांचे राज्य होते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. संमती नाकारण्याची ताकद कोणाकडे किती होती, हे गणिताचा ग्रंथ सांगत नाही. पण एक गोष्ट त्यातून निश्चित दिसते. गणित कुठे थांबते हे त्या गणितज्ञाला माहीत होते. ४९० घनहस्त हे वादातीत. त्या ४९० चे दाम किती, हे सूत्रातून निघत नाही. ते दोन माणसांत ठरते.

२१/
राशिव्यवहार आपल्याला खळ्यावर नेतो. सपाट जमिनीवर धान्याचा शंकूसारखा ढीग आहे. त्याच्या टोकाची उंची मोजणे अवघड, पण पायथ्याचा घेर दोरीने सहज मोजता येतो. नियम असा : जाड दाण्याची रास असेल तर उंची परिघाचा दहावा भाग, बारीक दाण्याची असेल तर अकरावा, कुसळाच्या धान्याची असेल तर नववा. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणावे, म्हणजे घनहस्त मिळतात.

२२/
परीघ ६० हात असेल तर जाड धान्य ६०० खारी, बारीक धान्य सुमारे ५४५, कुसळाचे सुमारे ६६७. सुटे धान्य ओतले की ढीग एका ठरावीक उतारावर स्थिरावतो. या नियमांतून निघणारे उतार अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंशांचे आहेत. गोल गुळगुळीत दाणे घरंगळून पसरतात, कुसळे एकमेकांत अडकून ढीग उंच राहतो. खळ्यावरचे निरीक्षण इथे सूत्रात उतरले आहे.

२३/
रास भिंतीला टेकलेली असेल तर? तो अर्धा शंकू. घराच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर पाव, बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून असेल तर पाऊण. म्हणून ‘लीलावती’तील तीन राशींचे घेर ३०, १५ आणि ४५ हात आहेत. त्यांना अनुक्रमे २, ४ आणि ४/३ ने गुणले की तिन्ही वेळा ६० मिळतात. जाड धान्य असेल तर उत्तरे ३००, १५० आणि ४५० खारी.

२४/
पण या सूत्रात एक सवलत घेतलेली आहे. परिघाचा सहावा भाग म्हणजे त्रिज्या, असे धरले की परीघ व्यासाच्या तिप्पट मानला जातो. भास्कराचार्यांना याहून बरेच सूक्ष्म गुणोत्तर माहीत होते. याच ग्रंथात ते ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे व्यवहारापुरते मूल्य देतात. उंचीच जिथे अंदाजाने धरलेली आहे, तिथे गुणोत्तर तरी किती ताणायचे, असा विचार त्यामागे असू शकतो.

२५/
सोयीची ही सवलत मात्र कोणावर तरी पडते. सूक्ष्म गुणोत्तर वापरले तर ६०० खारींची रास सुमारे ५७३ खारींची निघते. समजा, कोणी केवळ दोरीच्या मापावरून सहावा हिस्सा मागितला, तर शेतकऱ्याला साडेपंचाण्णव खारींऐवजी १०० द्याव्या लागतील. गणितातला ‘चालेल एवढा’ फरक माणसाच्या कणगीत साडेचार खारींचा खड्डा पाडतो. घेर हा अंदाजासाठी, भरून मोजलेले माप हे हिशेबासाठी, हा भेद म्हणून महत्त्वाचा.

२६/
हे ज्ञान पुढे कसे टिकले? चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात त्याचे एक उत्तर आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी तिथे मठ स्थापन केला. लेखातील काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारात येणाऱ्या मालावरून मठाला काय मिळावे याची नोंद आहे. गणिताचे अध्यापन मोजलेल्या मालाच्या वाट्यावर चालणार होते.

२७/
आता आठ शतके ओलांडू. १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि बांध खणायला उतरली. रोजगार हमीच्या या कामांत मजुरी हजेरीपेक्षा कामाच्या मापावर ठरत असे. माती, मुरूम, खडक यांचे दर वेगवेगळे. खणलेली लांबी, रुंदी आणि खोली मोजून घनफळ काढायचे आणि त्यावरून टोळीचे दाम. खातव्यवहारच, केवळ हातांऐवजी मीटरमध्ये.

२८/
मातीकामाच्या खड्ड्यात मधेमधे मूळ जमिनीच्या उंचीचे मातीचे खुंट न खोदता राखून ठेवण्याची पद्धत आहे. माती उचलून नेल्यावर जमीन आधी कुठवर होती, हे ते खुंट दाखवतात. मोजणीपूर्वी ते पडले तर खोली किती यावर वाद उभा राहतो. अनेक ठिकाणी मोजा, मग सरासरी घ्या, हा सल्ला अशा जागी शुष्क राहत नाही. त्या खुंटांवर संध्याकाळच्या भाकरीचा हिशेब उभा असतो.

२९/
म्हणून क्षेत्रफळ-घनफळाचा इतिहास हा केवळ सूत्रांचा इतिहास नाही. हात कोणाचा धरायचा, कुठे मोजायचे, किती ठिकाणी मोजायचे, मऊ-कठीण कोणी ठरवायचे, या प्रत्येक प्रश्नामागे देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष उभे असतात. चांगले सूत्र त्या वादातला एक भाग कायमचा मिटवते. उरलेला भाग माणसांनीच मिटवायचा असतो.

३०/
‘लीलावती’तले भुंगे आणि कमळे सुंदर आहेतच. पण ज्या ग्रंथाने बारवेची माती घनहस्तापर्यंत अचूक मोजायला शिकवले, त्यानेच मजुरीचा आकडा सूत्रात न घालता काम करणाऱ्यांच्या संमतीवर सोडला, ही गोष्टही त्याच्या कीर्तीत मोजली जायला हवी.

#लीलावती #भास्कराचार्य #गणिताचा_इतिहास #इतिहास_मराठी